फिनाईलमावशी आणि हिरवी पूड

थोरलीने उभा जन्म डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांना मारण्यात घालवला. इस्पितळाच्या वॉर्डात ती मावशी होती. लाद्या पुसायच्या, खाटांचे पाय पुसायचे, भांडी उकळायची, नळाच्या तोट्या घासायच्या. तिचा हात फिरून गेला की लादीवर बसताना माशीसुद्धा विचारात पडायची. नर्सा तिला फिनाईलमावशी म्हणत. तोंडावर म्हणत आणि तिलाही ते आवडे. वॉर्डात ती शिरायच्या आधी तिचा वास शिरे, आणि खाटेवरची माणसं डोळे न उघडताच म्हणत, "चला, उजाडलं."

जंतू काही तिने कधी पाहिले नव्हते. डॉक्टर म्हणत आहेत, म्हणजे आहेत. वारा तरी कुठे दिसतो? ती फडकं पिळताना त्यांच्याशी बोलायची, "या, या. आज तुमची काही धडगत नाही." शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दचकून विचारायचा, "मला म्हणालीस का गं?"

मग वय झालं आणि नोकरी संपली. राहायची खोली नोकरीचीच होती, तीही गेली. नवरा केव्हाच गेलेला, मूलबाळ नाही. धाकटी बहीण आली, तिने खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाली, "ताई, कवळी घे आणि चल माझ्याबरोबर. बाकी काही घेण्यासारखं दिसत नाही इथं."

धाकटीचा नवरा काचवाला. खिडक्यांना काचा बसवायचा त्याचा धंदा. वस्तीच्या कडेला एक जुनं काचघर होतं, आत भाज्या लावत. तिथल्या फुटक्या काचा बदलायला तो वर्षानुवर्षं जात राहिला. शेवटी तिथला म्हातारा मालक म्हणाला, निम्म्या काचा तुझ्याच हातच्या आहेत, आता उरलेलं घरही तूच सांभाळ. तेव्हापासून काचवाला काकडी लावायला लागला. शाळेच्या मोठ्या स्वयंपाकघरात त्याची काकडी जायची. पोरं ती सालासकट खात, म्हणून तिच्यावर कसलंही विषारी औषध चालायचं नाही, अशी तिथल्या बाईंची अट होती.

घरात थोरलीला कुणी काही कमी केलं नाही. ती भांड्याला हात लावायला गेली की काचवाला म्हणायचा, "ताई, राहू द्या. तुम्ही आराम करा." केरसुणी घेतली की धाकटी ओरडायची, "ठेव खाली ती! आराम कर जरा." ऐकायला किती गोड शब्द! पण थोरली रोज त्याने थोडी थोडी खचत चालली होती. ज्या घरात प्रत्येकाला काम आहे तिथे ज्याला आराम करायला सांगतात तो पाहुणा असतो. आणि पाहुणा कितीही लाडका असला तरी कधी ना कधी लोक त्याच्या चपलांकडे बघायला लागतात. ती दारातल्या खुर्चीवर बसायची. खुर्ची पुसून व्हायची. मग शेजारची रिकामी खुर्ची पुसून व्हायची. मग रस्ता उरायचा, पण तो पुसायला म्युनिसिपालटीची माणसं होती.

एका दुपारी कंटाळून ती काचघरात गेली, आणि दार ढकलताच तिचे पाय तिथेच थांबले.

आत ऊन नव्हतं आणि सावलीही नव्हती. काचांवर चुना फासलेला, त्यामुळे उजेड दुधात पाणी घातल्यासारखा पातळ होऊन खाली उतरत होता. हवा ओलसर, ऊबदार, नुकत्याच न्हाऊन आलेल्या बाळाच्या टाळूसारखी. दोऱ्यांना धरून वेली वर चढलेल्या, पानं एवढी रुंद की तिच्या तोंडावर एक धरलं तर तोंड दिसू नये. पानांच्या दोन रांगा आणि मध्ये वाट. पुन्हा दोन रांगा, पुन्हा वाट. थोरलीला वाटलं, हा तर आपला वॉर्ड. हिरव्या चादरी घातलेल्या खाटा, आणि सगळे पेशंट नुकतेच झोपलेले. ती नकळत पाय न वाजवता चालायला लागली.

त्या दिवसापासून ती रोज दुपारी तिथे जायची. एक पालथा खोका होता, त्यावर बसायची आणि तिचा डोळा लागायचा. काचेवर जमलेला एखादा थेंब घरंगळत यायचा आणि तिच्या मानेवर पडायचा. तिला वाटायचं, कुणीतरी हलक्या हाताने उठवतंय.

अशातच एक दिवस पुडीवाली आली. ही तरुण मुलगी स्कूटरवरून काचघरं हिंडायची आणि पिकांना रोग लागू नये म्हणून पुड्या द्यायची. गेल्या खेपेला काचवाल्याची निम्मी काकडी मुळं कुजून गेली होती, म्हणून त्याने तिला बोलावलं होतं. तिने पुडी फोडली. आत पोपटी-हिरवी, पिठासारखी बारीक पूड.

"हे औषध नाही हं, काका," ती म्हणाली. "ही बुरशी आहे. जिवंत."

"बुरशी?" थोरली खोक्यावरून उठलीच. "आणि ती तू मुळाशी घालणार?"

"हो मावशी. चांगली बुरशी. ही मुळाभोवती आधीच राहायला येते. वाईट बुरशी आली की तिला बसायला जागाच नाही. बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं."

"आणि वाईटवाली भांडली तर?"

"तर ही तिच्या अंगाला वेढे घालते आणि तिला खाऊन टाकते."

"अगंबाई," थोरली म्हणाली. तिच्या आवाजात आदर होता.

"फक्त एक आहे," पुडीवाली काचवाल्याकडे वळून म्हणाली. "रोग यायच्या आधी द्यायची. झाड सडल्यावर हिचा काही उपयोग नाही. आणि उन्हात नाही, संध्याकाळी द्यायची, रोज थोड्या ओळींना. पुड्या गार जागी ठेवायच्या." तिने काचघरामागच्या पावसाच्या पाण्याच्या टाकीतून बादली भरून आणली, पूड कालवली, आणि दाराजवळच्या ओळींना झारीने घालून दाखवली. मागच्या ओळींत रोपं अजून लावायची होती.

"रोज संध्याकाळी मला कुठे वेळ?" काचवाला डोकं खाजवत म्हणाला. "संध्याकाळी तर लोकांच्या खिडक्या असतात."

"मी आहे की," थोरली म्हणाली.

काचवाल्याने तोंड उघडलं. त्या तोंडातून काय निघणार ते थोरलीला पाठ होतं. पण धाकटी दारातून म्हणाली, "देऊन टाका हो तिला काम. कालपासून माझ्या खिडकीच्या गजांवर डोळा ठेवून आहे ती, घासून घासून बारीक करेल." असं म्हणून तिने काम पक्कं केलं.

थोरलीच्या अंगात त्या दिवशी नवं रक्त आल्यासारखं झालं. तिला झारी मिळाली, पिंप मिळालं, पुड्या ठेवायला माठाशेजारचा कोनाडा मिळाला. मागच्या ओळीत रोपं लागली तेव्हापासून सगळ्या काचघराची पूड तीच घालायची. आणि जन्मभर ज्यांना मारलं त्यांच्याच जातीचे कुणी आता तिच्या ओंजळीत जिवंत होते, हे आठवलं की तिला जरा लाजल्यासारखं व्हायचं. ती पूड पाण्यात सोडताना म्हणायची, "मागचं विसरा बरं का. ती माझी नोकरी होती."

पाहुणे म्हटले की त्यांची नीट सरबराई नको का? टाकीच्या पाण्याला शेवाळाचा वास यायचा, वर दोन-चार किडे हातपाय हलवत असायचे. असलं पाणी पाजायचं? वॉर्डात साथीच्या दिवसांत तिने पिंपंच्या पिंपं पाणी शुद्ध केलं होतं. ब्लीचिंगची पूड टाकायची, झाकून ठेवायचं, मग माणसांनी प्यायचं. माणसांना जे मानवतं ते या चिमुकल्यांना का नको? तिने बाजारातून ब्लीचिंगचा डबा आणला. पिंप आधी त्याने घासून लख्ख करायची, बाळंतिणीच्या खोलीतलं घंगाळं घासतात तसं. मग पाणी भरून त्यात चांगला सढळ हाताने आणखी एक चमचा. किडे शांत व्हायचे, शेवाळ खाली बसायचं, पाणी कसं निवळशंख. मग त्यात हिरवी पूड.

"सांभाळून उतरा," ती म्हणायची. "गार आहे."

तिला हे कुणाला सांगावंसं वाटलं नाही. कामापेक्षा जास्त काम करणाऱ्याने त्याची दवंडी पिटायची नसते, असं तिचं मत होतं.

संध्याकाळचं ते काम म्हणजे तिला अर्धं जागेपण आणि अर्धी झोप वाटायची. उजेड पिवळा होत जायचा, झारीची धार मातीत मुरताना बारीक चुळचुळ आवाज यायचा, जणू खाली कुणी कुजबुजतंय. ती वाकून ऐकायची. तिला दिसायचं, मातीखाली हिरव्या अंगाच्या इवल्या बायका रांगेत बसल्यात आणि प्रत्येक मुळाला लोकरीचा मोजा विणताहेत. एक टाका उलट, एक सुलट. खोक्यावर डुलकी लागली की तीही त्यांच्यात जाऊन बसायची. तिला म्हणायच्या, सुया धर. आराम कर असं तिथे कुणी म्हणायचं नाही.

पुढे कधीतरी ते स्वप्न बदललं. ती खाली गेली तर तिथे वॉर्ड होता. पांढऱ्या चादरी, घडी न मोडलेल्या. लादीत तोंड दिसावं. इतका स्वच्छ वॉर्ड तिने जन्मात पाहिला नव्हता, आणि त्यात कुणीच नव्हतं. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत हाका मारत गेली. दचकून उठली तेव्हा तिच्या हातांना ब्लीचिंगचा वास येत होता. तिने तो पदराला पुसला.

त्याच सुमारास मागच्या ओळीतल्या वेली दुपारी माना टाकायला लागल्या. संध्याकाळी परत ताठ व्हायच्या, म्हणून आधी कुणी मनावर घेतलं नाही. "ऊन कडक आहे," काचवाला म्हणायचा. पण एक दिवस संध्याकाळ झाली तरी एक वेल उठली नाही. त्याने ती उपटली. मुळं भुरी, मऊ पडलेली. त्याने बोटांत धरून ओढली तर मुळाची साल पायमोजासारखी हातात निघून आली आणि आत नुसता दोरा राहिला.

थोरली त्या सालीकडे बघत राहिली. मोजे विणलेच नव्हते तर.

धाकटी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय गं ताई, तुझी ती रुमाल टाकणारी मंडळी कुठं गेली? बस चुकली का त्यांची?"

थोरलीला हसू आलं नाही. काचवालाही हसला नाही. तो हळू आवाजात म्हणाला, "जुनं जालीम औषध ओतावं लागेल. मग कितीतरी दिवस काकडी तोडता यायची नाही. शाळेच्या बाई दुसरीकडून घेतील." मग त्याने तिच्याकडे बघितलं आणि अगदी मायेने म्हणाला, "ताई, तुम्हाला फार दगदग झाली. पूड-बीड मी बघतो आता. तुम्ही आराम करा."

त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. दवाखान्यात कुणी वाचायचं नसलं की डॉक्टर त्याच्या नातेवाइकांशी याच आवाजात बोलत.

पुडीवालीला निरोप गेला. ती आली, ओळींतून फिरली, मातीचा वास घेतला. तिने कुणावर ठपका ठेवला नाही. "औषध ओतायच्या आधी एक करून बघू, काका. कदाचित माझ्याच पुड्या मेलेल्या निघाल्या. उन्हात राहिल्या की मरतात कधी कधी." तिचा चेहरा पडला होता. आणखी तीन काचघरांना तिने त्याच पुड्या दिल्या होत्या. तिने धाकटीकडून मूठभर बिनमिठाचा भात मऊ शिजवून घेतला आणि दोन बश्यांत घातला. खिडकीच्या चौकटीकडच्या बशीत पुडीतली कोरडी पूड चिमूटभर भुरभुरली. माठाकडच्या बशीत थोरलीच्या पिंपातलं कालवलेलं पाणी शिंपडलं. दोन्हींवर भांडी पालथी घातली. "जिवंत असेल तर भातावर उगवेल. मग कळेल."

थोरली त्या बश्यांची राखण करत बसली. झाकण उघडायला मनाई नव्हती, पण तिचं धाडस होत नव्हतं. एका पहाटे, घर अजून झोपलेलं असताना, तिने दोन्ही भांडी उचलली.

चौकटीकडच्या बशीत शितांवर कापूस पिंजल्यासारखी पांढरी लव उगवली होती आणि तिच्या मधोमध हिरवी छटा, कोवळ्या पोपटाच्या पिसासारखी. तिला रानातल्या पाचोळ्याचा वास होता. माठाकडच्या बशीत भात होता तसाच. पांढरा, स्वच्छ, ओला. आणि त्याला जो बारीक वास येत होता तो थोरलीने तत्काळ ओळखला. तो तिचाच वास होता.

आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट स्वच्छ दिसली म्हणून तिला रडू आलं.

ती तशीच उभी राहिली. बाहेर उजेड राखाडी होता, काचघर धुक्यात तरंगत असल्यासारखं दिसत होतं. म्हणजे इतके दिवस, संध्याकाळ झाली की, आपण लाडाने हाका मारून मारून मेलेल्यांना मुळाशी पुरत होतो. सांभाळून उतरा, गार आहे!

मग तिच्या हातांना एक गोष्ट सुचली. मनाला सुचायच्या आधी हातांनाच सुचली. बश्या एकसारख्या होत्या. चौकटीकडची माठाकडे आणि माठाकडची चौकटीकडे केली की झालं. पुडी मेलेली ठरली असती. पुडीवाली म्हणाली असती, चूक माझी. थोरलीची झारी थोरलीकडे राहिली असती. तिने दोन्ही बश्या उचलल्यासुद्धा. पण दाराजवळच्या ओळी अजून ताठ होत्या, आणि खोटं इथं ठेवलं तर पाणी तेच राहणार, पिंप तेच राहणार आणि त्या ओळीही आज ना उद्या माना टाकणार. शिवाय ती पोर. पडलेल्या चेहऱ्यानेसुद्धा मावशी मावशी करत होती.

थोरलीने बश्या होत्या तिथेच ठेवल्या. मग ब्लीचिंगचा डबा आणून माठाकडच्या बशीशेजारी ठेवला आणि खुर्ची ओढून समोर बसली. घर जागं होईपर्यंत ती हलली नाही.

धाकटी पहिली उठली. तिने बशी बघितली, डबा बघितला, बहिणीचं तोंड बघितलं. "हे काय?"

"मी पाणी शुद्ध करत होते," थोरली म्हणाली. "त्यांच्यासाठी."

धाकटीला कळायला जरा वेळ लागला. मग ती मटकन खाली बसली आणि हसायला लागली. "अगं पाहुण्यांना जेवायला बोलवलंस आणि विष घातलंस? तेही पाट-पाणी करून?" हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग तिचं लक्ष थोरलीच्या हातांकडे गेलं. ते मांडीवर एकमेकांना घट्ट धरून बसले होते. तशी ती उठली आणि तिने बहिणीपुढे चहाचा कप ठेवला.

काचवाला आला. त्याने डबा उघडून हुंगला आणि ठसका लागून मागे सरला. बाहेर गेला, काचघराला एक फेरी मारून आला. थोरली त्याच्या ओठांकडे बघत होती. तो शब्द आता येईल, मग येईल.

"ताई," तो म्हणाला, "मागच्या ओळी उपटाव्या लागतील. एकट्याने होणार नाही. तुम्ही येताय ना?"

ती चहा टाकून उठली.

तो दिवस तिला पुढे नेहमी स्वप्नासारखाच आठवायचा, सगळं हळूहळू चालल्यासारखं. काचवाला वेल उपटून मधल्या वाटेने फरफटत नेऊ लागला तसं तिने त्याला अडवलं. "थांबा, भाऊजी! पेशंट असा सगळ्यांच्या उशाजवळून नेतात का?" सडलेल्या वेली तिथेच पिशव्यांत भरून तोंड बांधायला लावलं, मागच्या दाराने बाहेर काढायला लावल्या. सुरी प्रत्येक वेलीनंतर बुडवायची. कशात? तर ब्लीचिंगच्या पाण्यात. आणि दाराशी एक पसरट घमेलं ठेवलं, त्यातही तेच पाणी. बाहेरची माती पायांबरोबर आत यायची नाही. तिचा डबा अखेर जागच्या जागी लागला. दुपारी आलेली पुडीवाली ते घमेलं बघून काचवाल्याला म्हणाली, "काका, हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं?" काचवाला म्हणाला, "तू सांगितलंस. यांनी ठेवलं."

पिंप मात्र नवं आणलं. त्यात शेवाळी वासाचं, किडे पोहणारं पाणी थोरलीने डोळे मिटून भरलं. पहिल्या दिवशी तिचा हात सवयीने डब्याच्या दिशेने गेला, तेव्हा तिने तो दुसऱ्या हाताने धरून आणला.

मागच्या ओळी गेल्या त्या गेल्याच. शाळेच्या बाईंनी कुरकुर केली, निम्मी काकडी दुसरीकडून घेतली, पण उरलेली घेत राहिल्या. दाराजवळच्या वेली वरपर्यंत चढल्या. मोकळ्या जागेत नवी रोपं लागली, आणि त्यांच्या मुळाशी पहिल्या संध्याकाळपासून जिवंत पूड पडली. ती जगतील की नाही ते एवढ्यात सांगता येण्यासारखं नव्हतं. थोरली काही छातीठोक सांगतही नव्हती. ती रोज एका रोपाजवळ वाकून मातीचा वास घ्यायची. पाचोळ्याचा आला की पुढे जायची.

अशाच एका संध्याकाळी ती मागच्या ओळीत झारी घेऊन उभी होती. काचांवर पिवळा उजेड चढला होता, पानांच्या कडा आतून पेटल्यासारख्या दिसत होत्या. काचवाला खिडक्यांच्या कामावरून परतला आणि दाराशी थबकला.

"ताई, आत येऊ का?"

"बूट बुडवा आधी."

त्याने एक पाय बुडवला.

"दोन्ही. आणि जरा वेळ तिथंच थांबा. मंडळी आत्ताच टेकलीत."

काचवाला घमेल्यात दोन्ही पाय ठेवून उभा राहिला. हातात त्याची काचा कापायच्या हत्यारांची पेटी होती, ती खाली कुठे ठेवावी ते त्याला कळेना, म्हणून त्याने ती छातीशी धरली. झारीची धार मातीत मुरत होती. थोरली पाठमोरी, सावकाश, एका रोपावरून दुसऱ्या रोपाकडे जात होती आणि कुणाला तरी काहीतरी सांगत होती. त्याला शब्द कळत नव्हते. तो ऐकत तसाच उभा राहिला.